एक्केचाळीस वातींचा सिनेमा

गोदावरीबाई काळमेघ सिनेमा बघताना वाती वळतात, हे समता कॉलोनीतल्या आमच्या गल्लीत कोणालाच नवीन नाही. मला नवीन होतं, कारण शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथे राहायला आले. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर टॉकीजमध्ये गेले तेव्हा दिवे मालवताच त्यांनी पिशवीतून कापूस काढून मांडीवर पसरला. चिमटीत कापूस घ्यायचा, पाकळीसारखा उलगडायचा, टोकाला पीळ द्यायचा आणि फुलवात पिशवीत टाकायची. डोळे पडद्यावर, बोटं अंधारात.

ही सवय त्यांना सासूने लावली. गोदावरीबाई मूळच्या हिंगणघाटच्या. यशवंतराव रायपूरला रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते, म्हणून त्या लग्नानंतर इथल्या क्वार्टरमध्ये आल्या. नव्या सुनेला सिनेमाचं वेड. सासूने नाही म्हटलं नाही, फक्त अट घातली की रिकाम्या हाताने बसायचं नाही. कार्तिकात महादेवाला लाख वाती वाहायचं सासूचं व्रत होतं, तेव्हा सिनेमाला जा, पण वाती वळून आण. सून घरी आली की सासू वाती मोजायच्या. एकदा तीन तासांच्या सिनेमाहून फक्त साठ वाती आल्या. सून घाबरली. सासू मात्र म्हणाल्या, "एवढ्याच? मंग सिनेमा चांगला असंल. मलेही घेऊन चाल उद्या."

तिथून ते मोजमाप सुरू झालं, जितक्या वाती कमी तितका सिनेमा चांगला. सासू गेल्या, क्वार्टर सुटलं, समता कॉलोनीत दोन खोल्यांचं घर झालं, पण शुक्रवारी नवा सिनेमा लागला की गल्लीतल्या बाया शनिवारी सकाळी एकच प्रश्न विचारतात, "किती वातींचा?" दोनशेच्या वर गेला तर कोणी जात नाही. शंभर-दीडशे असल्या तर घरात पाहुणे आलेत म्हणून जायला हरकत नाही. शंभरच्या खाली आल्या तर स्वयंपाक सकाळीच उरकतात. सर्वांत कमी वाती, सव्वीस, एका आंधळ्या मास्तरांच्या सिनेमाला झाल्या होत्या. त्या सिनेमाला गल्लीतल्या कांताबाई चार वेळा जाऊन आल्या.

गोदावरीबाईंचा आणखी एक नियम आहे. त्या गोष्ट फार रंगवून सांगतात, पण मध्यंतरापर्यंतच. पुढे काय झालं ते कितीही विनवा, सांगणार नाहीत. "लोकाची मेहनत आहे बाप्पा, जाऊन पाहा," म्हणतात.

मी इतक्या वर्षांत पुष्कळ परीक्षक पाहिले, बोर्डाचे पेपर तपासणारेही पाहिले. इतकी सरळ परीक्षा घेणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. म्हणूनच ‘तारापार’ नावाच्या सिनेमाच्या वेळी त्यांची जी पंचाईत झाली, ती लिहून ठेवावीशी वाटते.

त्यांचा धाकटा मुलगा शिशिर. बी. एस्सी. झाल्यावर त्याने संगणकावर चित्रं हलती करायचं शिक्षण घेतलं आणि हैदराबादला गेला. अडीच वर्षं तो आणि त्याच्यासारखी साठ-सत्तर मुलं एकाच सिनेमाची चित्रं बनवत बसली होती. यशवंतरावांना ते काम कधी कळलं नाही. ते मला सांगायचे, "म्याडम, काम दाखव म्हटलं तं म्हणते पडद्यावर पाहा. पडद्यावर पाहातो म्हटलं तं म्हणते सिनेमा अजून निघाला नाई. असं काम असते का कुठं?"

रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन आठ वर्षं झाली होती. नवी खाती, नवी कार्यालयं उघडत होती आणि मुलाला मंत्रालयात चिकटवून द्यावं हे गल्लीतल्या प्रत्येक बापाचं स्वप्न झालं होतं. यशवंतरावांनी शिशिरच्या नावाने अर्ज भरून टाकला होता. मुलाखतीचं पत्र आलं, सोमवारी सकाळी अकराचं. आणि ‘तारापार’ त्याच्या आधीच्या शुक्रवारी लागत होता.

शिशिर गुरुवारी घरी आला. वाळलेला, डोळ्यांखाली काळं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते, तेव्हा तो आईशी बोलला. मराठी त्याला सगळी कळते, पण दोन वाक्यांनंतर हिंदीवर जातो.

"आई, मी ठरवलंय. ये पिक्चर अच्छी निकली तो वापस हैदराबाद. नहीं तो मंडे को इंटरव्यू."

"अन् चांगला का वाईट, हे कोण ठरवन?"

"तू. अखबारवालों का मुझे भरोसा नहीं. तेरी बत्तियों का है."

गोदावरीबाईंचा हात कणकेत तसाच राहिला. "अन् तुह्यं काम कोणतं त्याच्यात? तेवढं तं सांग."

"नहीं बताऊंगा. मग तू तेवढंच बघशील."

शुक्रवारी बाराच्या खेळाला आम्ही दोघी गेलो. जुनी टॉकीज नव्हे, नवा मॉल. दारावरच्या पहारेकऱ्याने पिशवी उघडली आणि कापूस पाहून थबकला.

"अम्मा, ये क्या है? हॉस्पिटल जा रही हो क्या?"

"बत्ती बनाऊंगी बेटा. भगवान की."

"अंदर अंधेरा रहता है, अम्मा."

"बत्ती अंधेरे के लिएच बनती है न रे."

खाण्याची वस्तू नाही, एवढी खात्री करून त्याने सोडलं.

सिनेमाबद्दल काय सांगू. एवढा मोठा पडदा आणि त्यावर तांबड्या धुळीचा समुद्र. लाटा पाण्याच्या नव्हत्या, धुळीच्या होत्या, आणि त्यांच्यावरून काचेचं शहर हळूहळू सरकत होतं. आकाशात तीन चंद्र. एक लांबच लांब मालगाडी ग्रहाभोवती वर वर चढत जायची आणि तिच्या टपांवरून ऊन घसरत यायचं. मी भूगोल शिकवला आहे, पण तो पडदा पाहताना मला पृथ्वीवर पाय असल्याचंही भान राहिलं नाही. बाजूला पाहिलं तर गोदावरीबाईंच्या चिमटीत कापूस तसाच होता. मग नायकाने तोंड उघडलं, "पिताजी, मैं आपकी कसम खाता हूं," आणि त्यांची बोटं पुन्हा चालू लागली.

घरी येऊन मोजलं. एक्केचाळीस!

गोदावरीबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी ओसरीवर चटई टाकली आणि चहा मांडला, कारण बाया येणार हे ठरलेलंच होतं. कांताबाई आल्या, समोरची इंदू आली, आणखी तिघी-चौघी आल्या. शिशिर आतल्या खोलीत पडून होता, दार अर्धं उघडं.

गोदावरीबाईंनी गोष्ट सुरू केली. दूरच्या ग्रहावर राहणारा मुलगा, त्याचा शास्त्रज्ञ बाप स्फोटात मेलेला, बापाने बनवलेला लोखंडाचा माणूस त्याला सांभाळतो, तिकडे एक दुष्ट सेनापती. मध्यंतरापर्यंत येऊन त्या नेहमीप्रमाणे थांबल्या. "पुढचं जाऊन पाहा."

"पुढचं मी सांगतो," कांताबाई म्हणाल्या. त्या वऱ्हाडातल्या, रेल्वेतल्या बाबूच्या पत्नी. "बाप मेला नसंलच. सेनापतीच्या तुरुंगात असंल."

गोदावरीबाईंनी पटकन चहाची किटली उचलली.

"आहे ना? पाहा, तोंड पाहा यांचं! अन् तो लोखंडाचा पोट्टा मरते. हिरोले वाचवताना."

"मरता मरता काहीतरी म्हणते," इंदू म्हणाली, "अन् त्याच्या डोळ्यातून पाणी येते."

"तेल येते वो, लोखंडाचा आहे ना!"

बाया खो खो हसायला लागल्या. एकीने सेनापती हा नायकाच्या बापाचा सख्खा भाऊ असल्याचं सांगितलं, तेही बरोबर निघालं. पाच मिनिटांत त्यांनी उरलेला सिनेमा संपवला, शेवटच्या लग्नासकट. गोदावरीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा इतकं ऐकून घेतलं असेल.

हसणं ओसरल्यावर कांताबाईंनी डोळे बारीक केले. "अन् अशा सिनेमाले एक्केचाळीस वाती? गोदाबाई, खरं सांगा. पोराचा सिनेमा म्हणून हात आखडला ना?"

हसतच बोलल्या, पण लागायचं ते लागलं. आतल्या खोलीचं दार हळूच बंद झालं. गोदावरीबाई उठल्या आणि चहाच्या कपबशा गोळा करू लागल्या, एकीचा चहा संपलाही नव्हता.

मला त्या नंतर म्हणाल्या, "म्याडम, मले कळून नाई राहिलं. गोष्ट शिळी आहे, कांता खोटं नाई बोलली. पण हात माहे चालले नाई, हेही खरं. मंग मी लबाड झाली का?"

"झोप लागली होती का तुम्हाला?"

"छे! डोया टक्क उघडा होता."

शनिवारी शहरातल्या हिंदी पेपरात परीक्षण आलं. मथळा होता, ‘आंखों की दावत, कहानी बासी’. चित्रांना पाचपैकी साडेचार तारे, कथेला एक. कोणता प्रसंग कुठल्या जुन्या परदेशी सिनेमावरून उचलला, कोणता आपल्याच तीस वर्षांपूर्वीच्या सिनेमावरून, याची लिहिणाऱ्याने यादीच केली होती. शिशिरने ते दोनदा वाचलं, पेपर नीट घडी घालून ठेवला आणि मुलाखतीच्या शर्टाला इस्त्री करायला बसला.

ती इस्त्री गोदावरीबाईंनी दारातून पाहिली. पदर खोचून सरळ कांताबाईंच्या घरी गेल्या.

"कांता, चाल. साऱ्याजणी चला. अन् साऱ्यांनी वाती वळाच्या. मंग पाहू कोणाचा हात आखडते."

बाराच्या खेळाला आम्ही सात बाया मॉलच्या दारात. कालचाच पहारेकरी. त्याने सात पिशव्या उघडल्या, सात कापसाचे गोळे पाहिले आणि शेवटी हात जोडले. "जाइए माताजी. हमारे लिए भी एक जला देना."

एका रांगेत सात जणी बसून वाती वळताहेत, हे त्या मॉलने पुन्हा पाहिलं नसेल. पुढच्या रांगेतली कॉलेजची मुलं वळून वळून बघत होती. एक जण म्हणाला, "आंटी, पूजा कब है?" कांताबाई म्हणाल्या, "तू चुप बैठ, हमारा पेपर चल रहा है."

मलाही कापूस दिला होता. माझ्या वाती कोणालाही दाखवण्याजोग्या झाल्या नाहीत, पण मी हात पाहत होते. सेनापती ओरडला की सातही मांड्यांवर कापूस भराभर सरायचा. बापलेकाची भेट झाली तेव्हा तर जणू शर्यत लागली. आणि कोणी काही बोलत नसलं, नुसती धूळ, ते शहर, तो उतरता उजेड असला की रांगच्या रांग थांबायची. मालगाडी चढू लागली तेव्हा कांताबाईंच्या मांडीवरचा कापूस खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. दिवे लागल्यावर पायाशी शोधत बसल्या.

घरी मोजलं. इंदूच्या अडतीस, बाकीच्यांच्या तीस ते पन्नास. कांताबाईंच्या एकोणीस.

"माहा कापूस पडला होता," कांताबाई म्हणाल्या.

"काहून पडला?" इंदूने विचारलं.

कांताबाईंनी आपल्या वाती पिशवीत भरल्या. मग म्हणाल्या, "गोदाबाई, कालचं मनात ठेवू नका. पण गोष्ट शिळीच आहे हो!"

"शिळीच आहे," गोदावरीबाई म्हणाल्या. "मी कुठं नाई म्हटलं?"

त्या संध्याकाळी त्यांनी शिशिरला समोर बसवून निकाल सांगितला. गोष्ट लिहिणाऱ्याला तीनशे वाती. चित्रं बनवणाऱ्यांच्या मोजता येत नाहीत, कारण तेव्हा कोणाचाच हात चालला नाही. सात जणींची साक्ष आहे.

शिशिरने ऐकून घेतलं. "आई, वो सब तेरी सहेलियां हैं. अन् तू माझी आई आहेस." मग म्हणाला, "अडीच साल. लोग हंस रहे हैं, आई. कल रात मैं गया था, हॉल में भी हंस रहे थे. अच्छी फोटो वाला बासी पिक्चर. पुढच्या वेळीही तेच होईल. गोष्ट माझ्या हातात नसते ना."

आईपणाने त्यांचं मोजमाप निकामी केलं होतं, आणि ते त्यांना कळत होतं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं यशवंतरावांनी मला सांगितलं. सांगताना ते स्वतः अस्वस्थ दिसले. एरवी बायको आणि मुलगा यांच्यातल्या बोलण्यात ते पडत नाहीत.

रविवारी सकाळी यशवंतराव पंपाचा वॉशर आणायला म्हणून सदर बाजारला गेले. सदर बाजारात सोनं मिळतं, कापड मिळतं, वॉशर मिळतो की नाही मला शंका आहे. चार वाजता ते रिकाम्या हाताने परत आले. मी गोदावरीबाईंबरोबर ओसरीवर चिवड्याचे पोहे निवडत होते. यशवंतरावांनी पायरीवर बसून बूट काढले आणि हाक मारली, "शिशिर, बाहेर ये."

तो आला.

"त्या सिनेमातली मालगाडी कोणी बनवली?"

शिशिर दचकला. गोदावरीबाईंनी सूप खाली ठेवलं. निवृत्त झाल्यापासून यशवंतरावांनी टॉकीजची पायरी चढली नव्हती, आणि आज ते वॉशरच्या नावाखाली सिनेमा पाहून आले होते.

"मी," शिशिर म्हणाला. "गाडी पूरी मेरी है. दूसरा कुछ नहीं."

"मले वाटलंच. कपलिंग चुकलं."

"क्या?"

"दोन डब्बे जोडते ते कपलिंग. सपाट रुळावर ठीक आहे. पण तुही गाडी वर चढून राहिली, अन् वळूनही राहिली. वळणावर डब्ब्याच्या टोकाचे बफर एकमेकाले घासतीन. तिसऱ्या वळणाले डब्बा तुटन." त्यांनी दोन्ही मुठी एकमेकींवर टेकवून वाकवून दाखवल्या. "अन् डब्ब्याचं वजन चाकावर बराबर येऊन नाई राहिलं."

"बाबा, तिथे अवकाश आहे. अवकाशात वजन नसतं."

"वजन नाई तं रूळ कायले पाहिजेत?"

शिशिरला जे हसू फुटलं, ते थांबेचना. पायरीवर बसला, बापाच्या गुडघ्यावर हात मारला. "बाबा, साठ आदमी थे हम. किसी को नहीं सूझा. डायरेक्टर को भी नहीं. रूळ कशाला!"

"हासू नको. रूळ ठेवाचे असंल तं ठेव, पण मंग वजन दाखव. स्प्रिंग दबली पाहिजे. भरलेला डब्बा अन् रिकामा डब्बा सारखा चालत नाई."

"स्प्रिंग कशी दबते? दाखवा."

यशवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. "म्याडम, खडू आहे का?" शिक्षिकेच्या घरी खडू नसेल तर कोणाच्या घरी असेल? मी डबाच आणून दिला. बापलेक अंगणाच्या फरशीवर उकिडवे बसले. आधी चाक, मग त्यावर स्प्रिंग, मग डब्याचा तळ. शिशिर पुसायचा, पुन्हा काढायचा. "आणि ब्रेक लागला तर?" "मांगचा डब्बा पुढच्याले ढुसणी देते. आवाज येते, धाड धाड धाड, शेवटपर्यंत जाते. तुह्या गाडीत तो आवाजच नाई." गल्लीतून जाणाऱ्यांनी चित्रावर पाय पडू नये म्हणून वळसा घेतला.

उजेड कमी झाला तेव्हा यशवंतराव कंबरेवर हात ठेवून उठले. "दोन चुका आहेत," ते म्हणाले. "बाकी गाडी खरी आहे. पहिल्यांदा आली तवा मले वाटलं, आपल्या वॅगन शॉपमधूनच निघाली."

छत्तीस वर्षं ज्या माणसाने डबे तपासून पास केले किंवा परत पाठवले, त्याचं हे वाक्य होतं. शिशिर खाली फरशीकडे बघत राहिला. गोदावरीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच ओरडल्या, "हात धुवा दोघंही! सारे पांढरे झाले!"

सोमवारी सकाळी चहाच्या वेळी शिशिर म्हणाला, "बाबा, मी मुलाखतीला जात नाही. मैं वापस जाऊंगा."

"मले कालच समजलं," यशवंतराव म्हणाले. "पण असं गुपचूप गायब व्हाचं नाई. चिठ्ठी लिहून दे. आपण जागा अडवली तं दुसऱ्या कोणाची गाडी उभी राहते."

मग त्यांनी स्वतः मजकूर सांगितला, सविनय निवेदनापासून विनीतपर्यंत, आणि इस्त्रीचा तो शर्ट घालून शिशिर बापाच्या स्कूटरवर मागे बसून मंत्रालयात चिठ्ठी देऊन आला. तिथल्या बाबूने म्हणे तीनदा विचारलं, नक्की येणार नाही का, अशी चिठ्ठी कोणी देत नाही.

मंगळवारी त्याला पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. गोदावरीबाईंनी डबा, लोणचं आणि एक उशी दिली होती. गाडीला वेळ होता. पलीकडच्या रुळावर कोळशाची मालगाडी उभी होती. यशवंतरावांनी शिशिरला फलाटाच्या टोकाशी नेलं. दोघंही वाकून डब्याखाली बघू लागले. बापाचं बोट आत कुठेतरी रोखलेलं, मुलगा वहीत काढतोय. इकडे हैदराबादची गाडी लागली, लोक चढले, हमाल ओरडले, तरी त्या दोघांचं डोकं वर येईना.

"अवो!" गोदावरीबाई उशी कवटाळून फलाटावरून ओरडल्या. "गाडी सुटून राहिली ना! ते डब्बे काही पळून नाई चालले!"

शिशिर धावत आला आणि चालत्या गाडीत चढला. उशी फलाटावरच राहिली. यशवंतराव मात्र अजून तिथेच वाकलेले होते. त्यांना त्या कोळशाच्या डब्यात काहीतरी खटकलं होतं, आणि ते गार्डला शोधत निघाले.